‘हस्ते’चा रकाना

सोलापूर मागे पडल्यावर डब्यातली मराठी हळूहळू विरळ होत गेली. कलबुर्गीला चढलेल्या कुटुंबाने कन्नडमध्ये गप्पा मारत डबा उघडला, तांडूरला तेलुगू आत आली आणि खिडकीबाहेर फरशीच्या खाणी दिसू लागल्या. करड्या, निळसर फरश्यांच्या थप्प्या रुळांपर्यंत रचलेल्या होत्या. मी उठून सामानाच्या फळीवरचे गाठोडे पुन्हा एकदा चाचपले. जुन्या चादरीत बांधून सुतळीने आवळलेले ते गाठोडे बाबांनी दिले होते. त्यांनी उभ्या आयुष्यात छापलेल्या पत्रकांची आणि पुस्तिकांची एकेक प्रत त्यात होती, हैदराबादच्या मराठी वाचनालयाला भेट म्हणून.

आमच्या घरी दोरीवर कपड्यांपेक्षा पत्रकेच जास्त वाळत असत. हमालांनी किती वजन उचलायचे, वस्तीतल्या नळाला पाणी कधी येणार, मुलींची शाळा का बंद केली. मी अक्षरे जुळवायला शिकले ती त्यांच्यावरच. बाबा मजकूर लिहीत, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत, छापत. आई पत्रके स्टँडवर वाटून येई. तत्त्वासाठी भांडावे हे मला कोणी मुद्दाम शिकवले नाही, ते शाईच्या वासाबरोबर अंगात आले.

पुण्यात मी जुन्या ग्रंथालयांच्या नोंदी संगणकावर आणण्याचे काम करते. त्यातही मला भांडायला विषय सापडला. जगभरच्या ग्रंथालयांनी आणि संग्रहालयांनी मिळून एक शब्दावली ठरवली आहे. लेखक कोणाला म्हणायचे, प्रकाशक कोणाला, देणगीदार कोणाला, हे तीत पक्के असते आणि प्रत्येक शब्दाला इंटरनेटवर स्वतःचा कायमचा पत्ता असतो. सगळ्यांनी तेच शब्द वापरले की नोंदी एकमेकींना जोडल्या जातात आणि हैदराबादच्या कपाटातले पुस्तक साताऱ्याच्या कपाटातल्या आपल्या जुळ्या भावाला ओळखते. पण आपल्याकडे जो तो आपले रकाने आखतो. ‘स्वतःच्या डबक्याला समुद्र म्हणणे बंद करा’ असे मी एका पुस्तिकेत लिहिले होते. ती बाबांनीच छापली.

हैदराबादच्या वाचनालयाची यादी मी पुण्यात बसून या शब्दावलीत बसवून दिली होती. त्यांनी त्यांच्या कार्डांवरचे रकाने कळवले, मी प्रत्येकापुढे जगाचा शब्द लिहिला, नोंदी तिथल्या मंडळींनी भरल्या. आता रविवारी त्या यादीचे उद्घाटन होते आणि मला भाषण करायचे होते. वाचनालय मी तोवर पाहिलेले नव्हते.

सिकंदराबादला उतरले तेव्हा दुपारचे ऊन कलले होते. स्टेशनाबाहेर जो ऑटोवाला सर्वांत कमी ओरडत होता त्याच्याकडे गेले. त्याने गाठोडे उचलून मागे टाकले आणि हात झटकला.

“क्या है मॅडम इसमें? पत्थर?”

“कागज.”

“खाली कागज?” (नुसते कागद?) आरशातून त्याने माझ्याकडे पाहिले. “कागज ऐसा भारी रहता क्या?”

“लिहिलेला असला की राहतो,” मी माझ्या हिंदीत म्हणाले.

“हौ,” तो हसला. “पढ़े सो लोगाँ ऐसाच बोलते.” (शिकलेले लोक असेच बोलतात.)

विद्यानगर ओलांडून आम्ही नल्लकुंट्यात शिरलो. मेट्रोचे खांब मागे राहिले. शिकवणीच्या पाट्या, टिफिन सेंटरे, फुलांच्या टोपल्या आणि मध्येच एका फाटकावर देवनागरीत ‘वाचनालय दुसरा मजला’. मी घाईने बॅग घेऊन उतरले. गाठोडे मागेच राहिले.

वसंतराव जिन्यात उभे होते. कोर्टातली कारकुनी संपल्यापासून ते हे वाचनालय सांभाळतात. पांढरा सदरा, खिशाला दोन पेने आणि बोलण्यात हैदराबादचा सैलपणा. आल्या आल्या आमचे वाजले. प्रोजेक्टरला माझी वायर बसत नव्हती आणि दुसरी आणलेली नव्हती.

“मी लिहून कळवलं होतं, कोणती वायर लागेल ते.”

“लाइट घ्या हो रेणुकाबाई,” वसंतराव म्हणाले. (मनाला लावून घेऊ नका, असा इथला अर्थ.) “वायरच आहे. रविवारला दोन दिवस आहेत.”

मी टेबलाखाली वाकून भांडतच होते तेव्हा जिन्यावर पावले वाजली. ऑटोवाला दारात उभा होता, गाठोडे खांद्यावर. दोन मजले चढून त्याला धाप लागली होती. विद्यानगरच्या सिग्नलपर्यंत जाऊन तो परत आला होता.

“मॅडम, आपका कागज.”

“अरे, थँक्यू,” मी टेबलाखालूनच म्हणाले.

“बैठो भई, चाय पीके जाओ,” वसंतराव त्याला म्हणाले.

“नक्को साब. सवारी ठैरी सो है नीचे.” (खाली गिऱ्हाईक थांबले आहे.)

त्याने गाठोडे भिंतीशी ठेवले आणि तो गेला. वायर शेवटी शेजारच्या शिकवणीवाल्यांकडे मिळाली.

माझी उतरण्याची सोय बरकतपुऱ्यात कुमुदताईंकडे केली होती. कुमुदताई निवृत्त शिक्षिका, वय ऐंशीच्या पुढे. एकट्या राहतात, भाजी स्वतः आणतात आणि भाजीवालीशी तेलुगूत घासाघीस करतात. शनिवारी संध्याकाळी त्यांनी ज्वारीची भाकरी, पप्पू (घट्ट वरण) आणि गोंगुऱ्याची चटणी वाढली. गोंगुरा म्हणजे आपली अंबाडीच, पण इथे ती लाल मिरची आणि लसणाच्या फोडणीत अशी काही तिखट होते की माझ्या डोळ्यांतून पाणी आले.

“रडू नको, आणखी भाकरी घे,” कुमुदताई म्हणाल्या. “उद्या यादी माझ्या हस्ते सुरू करणार म्हणे. मला एकच नाव शोधायचंय. सापडेल न?”

“कोणाचं?”

“आईचं. द्वारकाबाई.”

मग त्यांनी मला जे सांगितले ते मी आधी विचारायला हवे होते. त्या काळी हैदराबादेत मराठी पुस्तक विकत मिळणे मुश्कील. म्हणून वाचनालयाने एक रिवाज पाडला होता. जो कोणी मराठी मुलुखात आपल्या गावी जाईल त्याने परतताना पुस्तकांचा गठ्ठा घेऊन यायचा. पैसे कोणी दुसऱ्याने दिलेले असत, निवड तिसऱ्याची असे. पण पुस्तक दाखल होताना कार्डावर शेवटच्या ओळीत लिहायचे, ‘हस्ते’, आणि पुढे आणणाऱ्याचे नाव.

“आई हिमायतनगरला एका वकिलांकडं स्वयंपाकाला होती. दर उन्हाळ्यात लातूरकडं माहेरी जायची. वकीलसाहेब चिठ्ठी द्यायचे, तिथला दुकानदार गठ्ठा बांधून द्यायचा, आणि ही डोक्यावर घेऊन यायची. एका काखेत मी. वाचता काही येत नव्हतं तिला. पण पुस्तकं दाखल झाली की मला वाचनालयात न्यायची. म्हणायची, दाखव, माझं नाव कुठंय. मी बोट ठेवायची. मग ती त्या जागेवरून हात फिरवायची. बस्स. घरी.”

त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. “तिचं नाव दुसरीकडं कुठं लिहिलेलं नाही गं. फोटो पण नाही. ती कार्डं तेवढी होती. आता वसंतराव म्हणतात कार्डं गेली, सगळं तुमच्या यादीत आलंय. म्हणून म्हटलं.”

मला वसंतरावांना लिहिलेली एक मेल आठवली. नीट आठवत नाही, असे मी स्वतःला सांगितले. संगणक माझ्या बॅगेत होता. तो उघडून ते नाव शोधायला एक मिनिट पुरले असते. मी भाषणाचे कागद काढले आणि त्यात दोन धारदार वाक्ये वाढवली.

रविवारी अकरा वाजता तीसेक माणसे जमली. निवृत्त वकील, प्राध्यापक, त्यांच्या सुना. पुण्यामुंबईहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आलेली दोन कुटुंबेही होती. त्यांच्या मुली मराठी फाडफाड बोलत होत्या आणि फलक वाचायला आजोबांना सांगत होत्या. भिंतीवर पांढरी चादर लावली होती. कुमुदताई जरीकाठी साडी नेसून आल्या होत्या. मी त्यांना खुर्ची दिली, वर शोधाची चौकट उघडली आणि त्या सांगतील तसे टाइप केले. द्वारकाबाई.

एकही नोंद नाही, असे चादरीवर आले.

“नुसतं द्वारका टाकून बघा,” मागून कोणीतरी म्हणाले. टाकले. द्वारका नगरीच्या यात्रेवरचे एक पुस्तक आले. दोघे-तिघे हसले, वाईट हेतूने नव्हे.

कुमुदताई चादरीकडे पाहत राहिल्या. “वकीलसाहेबांचं नाव टाक,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी ते सांगितले.

मी टाकले. चादर वरपासून खालपर्यंत भरली. पुढच्या पानावर आणखी, त्याच्या पुढच्या पानावर आणखी. देणगीदार, देणगीदार, देणगीदार.

“हीच ती पुस्तकं,” कुमुदताई म्हणाल्या. मग शिक्षिकेच्या सवयीने त्या लोकांकडे वळल्या. “चला, झालं उद्घाटन,” असे म्हणून त्या पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

त्यानंतर मी माझे भाषण केले. सगळे, डबकी आणि समुद्रासकट. हे लिहिताना मला सर्वांत जास्त लाज त्याचीच वाटते.

लोक गेल्यावर वसंतरावांनी कपाटातून एक फाइल काढली आणि माझ्यापुढे ठेवली. कोर्टातला माणूस, माझी प्रत्येक मेल त्यांनी छापून क्रमाने लावली होती. त्यांनी विचारले होते, ‘आमच्या कार्डावर हस्ते अशी ओळ आहे. ती कुठे घालावी? तिच्यासाठी वेगळा शब्द करता येईल का?’ माझे उत्तर होते, ‘देणगीदारात घाला. एका ग्रंथाला एकच देणगीदार. कृपया नवे शब्द काढू नका.’ जिथे देणगीदार लिहिलेला होता तिथे आणणाऱ्याला जागा उरली नाही. आणि देणगीदार जवळजवळ प्रत्येक कार्डावर होता.

पुढच्या मेलमध्ये त्यांनी विचारले होते की खोलीला ओल आली आहे, कार्डांचे काय करावे. मी लिहिले होते, ‘नोंदी पूर्ण आहेत. कार्डे ठेवण्याची गरज नाही.’

“मला भांडायला पाहिजे होतं,” वसंतराव म्हणाले. “पण तुम्ही इतकं ठाम लिहिलंत. वाटलं, शिकलेली पोरगी आहे, जगाचं बघून सांगतेय.”

“तुमची चूक नाही.”

“ते मला माहीत आहे,” ते शांतपणे म्हणाले. “पण नावं तर माझ्या डोळ्यांसमोर होती न.”

ज्या शब्दावलीचा झेंडा घेऊन मी फिरत होते तिच्या पहिल्याच पानावर दोन नियम आहेत. आधीपासून असलेला शब्द वापरा. तो पुरत नसेल तर त्याच्या पोटात आपला शब्द जोडा आणि का जोडला ते लिहून ठेवा. म्हणजे वसंतरावांनी मागितले होते ते नियमातच होते. मी पहिला नियम सगळीकडे गाजवला. दुसरा मला तडजोड वाटत होता, आणि तडजोड करणाऱ्यांवर आमच्या घरी पत्रके निघत.

सोमवारी सकाळी आम्ही तिघे, कार्डे विकली होती त्या रद्दीच्या दुकानात गेलो. कुमुदताईंना नको म्हटले होते, पण त्या चपला घालून आधीच जिन्यात उभ्या. दुकान नल्लकुंट्याच्याच एका वळणावर, छतापर्यंत खोकी आणि वह्या. दुकानदार वसंतरावांना ओळखत होता.

“वो कार्डाँ?” तो म्हणाला. “वो तो कब के मिल में गए साब. गत्ता अच्छा था.” (ती कधीच कागदगिरणीत गेली, पुठ्ठा चांगला होता.) मग त्याला काहीतरी आठवले. भिंतीवरच्या खिळ्याला फोन नंबर लिहिलेले कागद अडकवले होते, त्यांतून त्याने एक कार्ड ओढून काढले. मागच्या कोऱ्या बाजूवर कोणा प्लंबरचा नंबर होता. पुढे निळ्या शाईत पुस्तकाचे नाव, लेखक, देणगीदार आणि खाली ‘हस्ते: गंगाराम, रेल्वे गँगमन’.

“कौन है ये?” दुकानदाराने विचारले. वसंतरावांना माहीत नव्हते. मलाही माहीत असण्याचे कारण नव्हते.

कुमुदताईंनी कार्ड हातात घेतले, नावावर अंगठा ठेवला. “ह्याचंही कोणीतरी असेल शोधणारं,” असे म्हणून त्यांनी ते पर्समध्ये न ठेवता वसंतरावांकडे दिले. दुकानदाराने प्लंबरचा नंबर दुसऱ्या कागदावर उतरवून घेतला.

दुपारभर आम्ही कपाटांपुढे बसलो. वकीलसाहेबांच्या नावाची पुस्तके मी काढत होते आणि कुमुदताई एकेक उलटून पाहत होत्या. कशाने ओळखणार, असे मी विचारले नाही. त्या आपणच बोलत होत्या. “हे नाही. हे बहुतेक नाही. हे, हे गाडीत मी वाचलं होतं. तेव्हा मला जोडाक्षरं येत नव्हती. आणि ह्याच्या पुठ्ठ्याला आई टेकून झोपली होती, मेण लागलंय कुंकवाचं, बघ.” मी पाहिले. डाग होता. मेणाचा की कशाचा, मला सांगता येणार नाही.

संध्याकाळपर्यंत अकरा पुस्तके निघाली. बारावे त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवले आणि परत दिले. “खोटं नको लिहायला. नक्की नाही आठवत.”

“बाकीची?” मी विचारले.

“बाकीची गेली म्हणायची.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते, रागाशी कसे वागायचे ते मला येते.

मंगळवारी सकाळी आम्ही नवा शब्द जोडला. जगाच्या यादीत ‘ग्रंथाशी संबंध असलेली व्यक्ती’ असा एक मोठा शब्द आहे, त्याच्या पोटात ‘हस्ते’ घातला. व्याख्या वसंतरावांनी सांगितली, उभे राहून, साहेबाला मसुदा वाचून दाखवावा तशी. “गावाहून परतताना वाचनालयासाठी ग्रंथ वाहून आणणारी व्यक्ती. तिने तो विकत घेतलेला असावा, अशी अट नाही. तिला वाचता येत असावे, अशीही अट नाही.” एक अक्षर न बदलता मी ती टाइप केली.

द्वारकाबाईंचे नाव अकरा ठिकाणी गेले. आधार म्हणून लिहिले, ‘मुलीची आठवण’. गंगाराम एका ठिकाणी, आधार ‘मूळ कार्ड’. कुमुदताई आल्या, खुर्चीत बसल्या. मी नाव शोधून दाखवले. त्यांनी पडद्यावर बोट ठेवले, मग तळहात. काचेवर ठसा उमटला. “काच गार आहे,” एवढेच त्या म्हणाल्या.

निघायच्या आधी वसंतरावांनी भिंतीजवळचे गाठोडे टेबलावर घेतले. बाबांची पत्रके दाखल करायची राहिली होती. लेखक, मुद्रक, देणगीदार, तिन्ही रकान्यांत बाबांचेच नाव.

“हस्ते?” त्यांनी विचारले.

मी माझे नाव सांगणार होते.

“तुम्ही सिकंदराबादपर्यंत आणलंत,” वसंतराव म्हणाले. “मग ऑटोत विसरलात. इथवर त्यानं आणलं. दोन मजले. त्याचं नाव काय?”

मी गाठोड्याची सुतळी गुंडाळू लागले.

“विचारलं नाहीत?”

“नाही. अज्ञात लिहू या का?”

“आमच्या कार्डांवर अज्ञात कधीच नव्हतं,” ते म्हणाले. “कारण आम्ही विचारून घ्यायचो.” मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. “मीही नाही विचारलं. चहा विचारला फक्त. रिकामा ठेवतो. कधी भेटला तर.”

दुसऱ्या ऑटोने स्टेशनाकडे जाताना मी प्रत्येक ऑटोत डोकावून पाहत होते. तो चेहरा मला दिसला असता तरी ओळखता आला असता की नाही, शंकाच आहे. मी तो नीट असा आरशातच काय तो पाहिला होता. उतरल्यावर या ऑटोवाल्याला मी नाव विचारले. तो सावध झाला.

“कायकू मॅडम? कंप्लेंट करते क्या?”

“नाही, नाही. असंच. लिहून ठेवायला.”

“मैं क्या करा?”

“मला आणलंत ना इथवर.”

त्याला ते पटले नाही. तरी जाताना त्याने नाव सांगितले, यादगिरी. मी वहीत लिहिले. त्या नावासमोर लिहायला माझ्याकडे पुस्तक नव्हते.

परतीच्या गाडीत तांडूरच्या खाणी उलट्या बाजूने गेल्या. समान शब्दांवरचा माझा विश्वास अजूनही गेलेला नाही. गंगाराम कोण हे कळायचे असेल तर ते दुसऱ्या कुठल्या तरी गावच्या यादीशी जोडूनच कळेल. पण ज्या माणसांसाठी मी भांडते असे आयुष्यभर म्हणत आले, त्यांना यादीतून उचलून टाकताना माझा हात जराही अडखळला नव्हता. वकिलाचे नाव राहिले, स्वयंपाकिणीचे गेले. हे दुसऱ्या कोणी केले असते तर मी त्याच्यावर पत्रक काढले असते.

घरी पोचले तेव्हा बाबा छापखान्यातून नुकतेच आले होते. “पोचली का पत्रकं? माझं नाव नीट लिहिलं ना?”

“लिहिलं. तीन ठिकाणी.”

बाबा खूश झाले. आई मेथी निवडत बसली होती. मी तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, “आई, स्टँडवर तुझ्याबरोबर आणखी कोण कोण वाटायचं गं पत्रकं?”

तिने हातातली जुडी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिले. “का? काही झालं का?”